लघुकथेचे घटक कसे ओळखायचे?

कथानक, पात्रं, संघर्ष, वातावरण, निवेदन, आशयसूत्र ही नावं पाठ व्हायला पाच मिनिटं पुरतात. प्रत्यक्ष कथा समोर आली की मात्र अडायला होतं, कारण एकाच वाक्यात दोन-तीन घटक एकदम काम करत असतात. म्हणून यादी हातात घेऊन शोधाशोध करण्यापेक्षा एक प्रश्न मनात धरून वाचा: या कथेत काय बदललं आणि तो बदल मला कुणी, कसा दाखवला?

सरावाला दीड-दोन हजार शब्दांची कथा घ्या, शक्यतो मोठा समास सोडून कागदावर छापलेली. ती तीनदा वाचायची आहे. पहिल्यांदा पेन्सिल बाजूला ठेवून, एका बैठकीत. कथा एका बैठकीत वाचून व्हावी आणि तिचा एकसंध परिणाम व्हावा, ही मांडणी अमेरिकी कथाकार एडगर ॲलन पो यांनी १८४२ मध्येच केली होती. तुकड्यातुकड्यांनी वाचलं तर तो परिणाम हाती लागत नाही. वाचून होताच मनात जे उरलं ते एका ओळीत लिहून ठेवा. ती ओळ शेवटी लागणार आहे.

पुढच्या उदाहरणांसाठी एक छोटी गोष्ट लक्षात ठेवू. वडिलांच्या पश्चात दोन भाऊ त्यांचं घर विकतात. घर रिकामं झालंय, नवा मालक किल्ली घ्यायला येणार आहे. धाकटा म्हणतो, किल्ली सापडत नाही. थोरला तासभर रिकाम्या खोल्या धुंडाळतो. किल्ली धाकट्याच्याच खिशात असते. शेवटी तो ती काढून देतो.

दुसरं वाचन कथानकासाठी. काळ, जागा किंवा समोरची माणसं बदलली की तिथे आडवी रेघ मारा आणि प्रसंगांना आकडे द्या. मग समासात दोन गोष्टी लिहा: प्रसंगात किती काळ गेला आणि त्याला किती ओळी मिळाल्या. समजा, वडिलांचं दोन वर्षांचं आजारपण चार ओळींत उरकलंय आणि एका तासाच्या शोधाला सत्तर ओळी दिल्यात. कथेचा भार कुठे आहे, ते तुम्हाला मोजून कळलं. आता लागोपाठच्या दोन प्रसंगांमध्ये ‘म्हणून’, ‘पण’ किंवा ‘आणि मग’ यांपैकी नेमकं काय बसतं ते पाहा. एकामागून एक घडणं आणि एकामुळे दुसरं घडणं हा फरक इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मधल्या व्याख्यानांत स्पष्ट केला; कथानक म्हणायचं ते या दुसऱ्याला. सगळीकडे ‘आणि मग’च येत असेल तर कारणं बहुधा लेखकाने मुद्दाम न सांगता ठेवली आहेत. पुन्हा शोधा.

इथे एक चूक हमखास होते. आरंभ, चढ, उत्कर्षबिंदू, उतार, शेवट हा त्रिकोण प्रत्येक कथेवर बसवला जातो. जर्मन लेखक गुस्ताव फ्रायटाग यांनी १८६३ मध्ये ती आकृती मांडली ती नाटकाच्या पाच अंकांसाठी. लघुकथा पुष्कळदा उत्कर्षाच्या अगदी जवळ सुरू होते आणि उतार न दाखवताच थांबते. ‘उतार सापडत नाही’ म्हणून कथा अपुरी ठरत नाही.

संघर्षाला ‘माणूस विरुद्ध समाज’ असं लेबल लावून थांबू नका. कुणाला काय हवंय आणि आड काय येतंय, हे एका वाक्यात लिहा. धाकट्याला घर सोडायचं नाही, पण ते विकायला त्यानेच संमती दिलीय. अडथळा त्याच्या आतच आहे, हे लिहिल्यावरच दिसतं.

पात्रांसाठी कृतीखाली रेघ मारा आणि निवेदकाने दिलेल्या विशेषणांना चौकट करा. दोन्ही जुळत नसतील तर कृतीवर विश्वास ठेवा आणि निवेदकाकडे संशयाने पाहा.

तिसरं वाचन पूर्णपणे निवेदनासाठी ठेवा. सगळ्यात जास्त गफलत इथेच होते, कारण ‘मी’ म्हणजे लेखक असं धरलं जातं. कथेतला ‘मी’ हेही लेखकाने घडवलेलं पात्रच असतं. तृतीयपुरुषी कथेत नजर कुणाची आहे हे तपासायला नावाच्या जागी ‘मी’ घालून पाहा. ‘थोरल्याला घर आज लहान वाटलं’ याचं ‘मला घर आज लहान वाटलं’ सहज होतं. नजर आतली आहे. ‘थोरला बेफिकीर दिसत होता’ याचं ‘मी बेफिकीर दिसत होतो’ केलं की वाक्य अवघडतं. इथे कुणीतरी बाहेरून बघतंय. सर्वनामंही निसटू देऊ नका. निवेदक वडिलांना ‘ते’ म्हणतो की ‘तो’, भाऊ एकमेकांना ‘तू’ म्हणतात की ‘तुम्ही’, यावरून नात्यातलं अंतर न सांगता कळतं. मराठीत हे साधन फार मोलाचं आहे.

मग पाच ओळी दुसऱ्याच्या नजरेतून लिहून काढा. थोरला सांगत असेल तर वाचकही किल्ली शोधत राहतो आणि शेवटी धक्का बसतो. धाकटा सांगत असेल तर किल्ली कुठे आहे हे पहिल्यापासून ठाऊक असतं. आता वाचक ‘तो देईल का?’ यासाठी थांबतो. घटना त्याच, कथा मात्र दुसरी झाली.

वातावरणाची कसोटी सोपी आहे: जागा बदलून पाहा. रिकाम्या भिंतीवर उतरवलेल्या तसबिरींच्या जागचे फिकट चौकोन नसते तर थोरल्याचे हात थबकले असते का? नसते, तर ती भिंत कथेत काम करतेय.

आशयसूत्र, म्हणजे कथा एकूण काय म्हणते ते, सगळ्यात शेवटी. ‘घर’ किंवा ‘विरह’ हा विषय झाला आणि ‘कुटुंब जपावं’ हा उपदेश. आशयसूत्र क्रियापदासह पूर्ण वाक्यात लिहा, ज्याच्याशी कुणी असहमत होऊ शकेल असं: ‘संमती दिल्यानंतरही माणूस निरोपाचा क्षण पुढे ढकलत राहतो.’ त्याला आधार देणाऱ्या तीन जागा कथेत दाखवता आल्या पाहिजेत, त्यातली एक शेवटच्या परिच्छेदातली. दोनच मिळाल्या तर वाक्य बदला. मग पहिल्या वाचनानंतरची ओळ शेजारी ठेवा. दोन्हींत तफावत असेल, तर जिथे तुमचं मत पालटलं तो प्रसंग शोधा आणि त्याच्याजवळ समासात खूण करा.