शाळेत फॉरेन लँग्वेज घेतलीय? मग आधी मराठी बाहेर काढा

जर्मन घ्या, फ्रेंच घ्या नाहीतर जपानी, बहुतेक मुलं नवीन भाषा इंग्लिशला टेकवूनच शिकतात. पुस्तक इंग्लिशमधून, टीचर समजावणार इंग्लिशमधून, मग डोकंही तिकडेच पळतं. पण बरंचसं मराठीतून पटकन कळतं हे कोणी सांगतच नाही.

जर्मनमध्ये डेर, डी, डास अशी तीन लिंगं आहेत, इंग्लिशमधून बघितलं तर हे काय भलतंच असं वाटतं, पण आपण तो-ती-ते न शिकताच बोलतोय की. फक्त लिंगं जुळतीलच असं नाही, सूर्य आपल्याकडे तो आणि जर्मनमध्ये ती, म्हणून वहीत शब्द लिहिताना आर्टिकलसकट लिहा आणि लगेच पुढे अनेकवचन पण, नंतर लिंगं वेगळी पाठ करणं म्हणजे नुसता वैताग. आकड्यांचंही तसंच. जर्मनमध्ये 22 म्हणजे 'दोन आणि वीस', आपल्या बावीसमध्येही दोन आधीच येतात ना! फ्रेंचमध्ये 80 म्हणजे चार वीस आणि 90 म्हणजे चार वीस दहा, जुनी माणसं विसाविसावर मोजायची तसंच काहीसं.

जपानीवाल्यांची तर मजा आहे. 'वाताशी वा होन ओ योमिमास', मी पुस्तक वाचतो, क्रियापद शेवटी, आणि ते वा, ओ वगैरे शब्दाच्या मागे येतात, आपल्या ला, ने, त सारखे. वाक्य थेट मराठीतूनच बनवा, मध्ये इंग्लिश आणलंत की क्रम उलटा होतो आणि परत सुलटा करत बसा. हिरागाना आणि काताकाना, दोन्हींची मूळ अक्षरं 46-46, ती आधी उरकून टाका, रोमन लिपीतलं जपानी वाचायची सवय लागली की सुटत नाही.

उच्चार देवनागरीत लिहून ठेवणं सुरुवातीला ठीक आहे, नंतर मात्र बंद करा. कारण फ्रेंच आणि जर्मनमध्ये एक स्वर असा आहे की त्याला आपल्याकडे अक्षरच नाही. तोंडात 'ई' म्हणायचं आणि ओठ 'ऊ'सारखे गोल करायचे, झाला तो स्वर. आरशासमोर करा, हसू येईल, येऊ दे.

शब्द पाठ करायला कार्डं बनवा, एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ. लाइटनर नावाच्या जर्मन लेखकाची पद्धत सोपी आहे: ओळीने काही डबे ठेवा, सगळी कार्डं आधी पहिल्या डब्यात, मग आलेला शब्द पुढच्या डब्यात, चुकलेला परत पहिल्या डब्यात, पहिला डबा रोज आणि पुढचे हळूहळू कमी वेळा बघायचे. ॲप पण मिळतात, पण हाताने लिहिलं की स्पेलिंगही बसतं, आणि फ्रेंचमध्ये ते लागतंच कारण शेवटची अक्षरं बऱ्याचदा उच्चारतच नाहीत.

धडा मनात वाचू नका, मोठ्याने वाचा, ऑडिओ असेल तर त्याच्या मागोमाग त्याच चालीत बोला. आणि पेपर देण्याआधी अक्षरांवरचे टिंब आणि अ‍ॅक्सेंट एकदा तपासा, फुकटचे मार्क तिथेच जातात.