स्लीप अ‍ॅप्नियाचा रुग्ण ऑपरेशनहून वॉर्डात येण्याआधी

स्लीप अ‍ॅप्निया म्हणजे झोपेत घसा बंद होऊन श्वास पुन्हा पुन्हा थांबणं. अशा रुग्णाची तयारी आदल्या दिवशीच सुरू करा. रुग्णाला विचाराच, पण शेजारी झोपणाऱ्या माणसाला आवर्जून विचारा. घोरणं बंद दाराबाहेर ऐकू येतं का, झोपेत श्वास थांबलेला पाहिलाय का, दिवसा पेंग येते का, ब्लड प्रेशर आहे का? बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ३५ च्या वर, वय ५० च्या पुढे, मान ४० सेंटीमीटरपेक्षा जाड आणि रुग्ण पुरुष, हे धरून स्टॉप-बँग या हा आजार ओळखण्याच्या प्रश्नावलीचे आठ मुद्दे होतात. पाच किंवा जास्त ‘हो’ आले, तर निदान झालेलं नसलं तरी हा आजार आहे असं समजूनच चाला आणि भूलतज्ज्ञांना आधी कळवा.

घरी सीपॅप (मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन) वापरत असेल तर मशीन, नळी आणि विशेष म्हणजे त्याचाच मास्क आणायला सांगा. चेहऱ्याला नीट न बसणारा मास्क रुग्ण अर्ध्या रात्री काढून टाकतो. नाव लिहून सगळं रिकव्हरी रूमपर्यंत पाठवा, कपाटात राहू देऊ नका.

खाट अशी निवडा, की नर्सच्या टेबलावरून रुग्ण दिसेल. डोक्याकडची बाजू ३० अंश वर ठेवा. ऑपरेशनमुळे ते चालणार नसेल तर कुशीवर झोपवा. उताणं नको, जीभ आणि घशाचा सैल भाग मागे पडतो.

वेदनेचं नियोजन लिहून घ्या. पॅरासिटामॉल, नर्व्ह ब्लॉक (त्या भागाची नस बधिर करणं), किडनी आणि रक्तस्रावाचा विचार करून सूज उतरवणारी औषधं आधी. मॉर्फिन, फेंटानिल श्वास मंदावतात, म्हणून लागेल तेवढंच. रुग्णाने बटण दाबून डोस घ्यायचा पंप लावला तर त्यात सतत चालणारा डोस नको. ‘रात्री गरज पडल्यास झोपेची गोळी’ अशी ओळ चार्टवर दिसली तर डॉक्टरांना विचारून काढून घ्या. नॅलोक्सोन (मॉर्फिनचा परिणाम उलटवणारं औषध), अँबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) आणि सक्शन (घशातला स्राव ओढणारं यंत्र) हाताशी असू द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ऑक्सिजन चालू असताना बोटावरच्या पल्स ऑक्सिमीटरने (रक्तातला ऑक्सिजन मोजणारा चिमटा) दाखवलेल्या ९८ टक्क्यांवर विसंबू नका. श्वास मंदावून कार्बन डायऑक्साइड साठत गेला तरी तो आकडा बराच वेळ छान दिसतो. म्हणून पल्स ऑक्सिमीटर अखंड चालू ठेवा, कॅप्नोग्राफी (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) मिळाली तर लावाच, आणि तरीही दर फेरीला खाटेपाशी उभं राहा. हाक मारू नका, हात लावू नका. जागा केलेला रुग्ण चांगलाच श्वास घेतो. पूर्ण एक मिनिट मोजा. घोरणं एकदम थांबलं, छाती आत जातेय आणि पोट वर येतंय, तोंडापाशी हवा लागत नाही, मग दचकून मोठा श्वास, हे दिसलं की तसंच वेळेसकट लिहा. त्यानंतर तो सहज जागा होतो का, तेही तपासा. बोलता बोलता डोळे मिटत असतील तर पुढचा मॉर्फिनचा डोस थांबवा आणि डॉक्टरांना बोलवा. रिकव्हरीतून सोडतानाही हीच कसोटी: कुणी न उठवता, ऑक्सिजन न लावता साध्या हवेवर झोपू देऊन पाहिलंय का?

पहिले २४ तास धोक्याचे खरेच, पण झोपेतला त्रास तिसऱ्या रात्रीपर्यंत वाढू शकतो. त्यामुळे घरी पाठवताना नातेवाइकांना स्पष्ट सांगा: दुपारच्या झोपेलाही सीपॅप, दारू नाही, झोपेची गोळी नाही आणि रात्री खोलीत कुणीतरी सोबतीला.