बर्फ पडायच्या आत: जुन्या सिल्व्हराडोच्या फोर व्हील ड्राइव्हची तयारी

मिशिगन, ओहायो, मिनेसोटा या पट्ट्यात राहणाऱ्या ज्या मंडळींच्या दारात १९९९ ते २००६ च्या दरम्यानची शेव्हरोले सिल्व्हराडो किंवा तिचं भावंड असलेली जीएमसी सिएरा उभी आहे, त्यांच्यासाठी ही यादी. या गाड्यांचं इंजिन वर्षानुवर्षं साथ देतं. कुरकुरते ती बटणावर चालणारी फोर व्हील ड्राइव्ह, आणि तीही नेमकी गरज पडते तेव्हा. 'सर्व्हिस फोर डब्ल्यूडी' असा संदेश आला की लोक थेट ट्रान्सफर केसची (इंजिनची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीची) मोटर मागवतात, आणि ती बसवल्यावरही संदेश जात नाही. माझं म्हणणं एवढंच की मोटर मागवण्याआधी मोजमाप करा. त्यासाठी ऑक्टोबरातली एक कोरडी सुट्टी राखून ठेवा. थंडीत प्लास्टिक ठिसूळ होतं, कनेक्टरची लॉकं हातात येतात आणि गाडीखाली पाठीवर झोपून बोटं चालत नाहीत.

सुरुवात गाडीची ओळख पटवण्यापासून. डॅशवरच्या बटणांत 'ऑटो' असेल तर तुमच्याकडे ऑटोट्रॅक, म्हणजे एनव्ही २४६ ट्रान्सफर केस आहे. बटणं आहेत पण 'ऑटो' नाही, तर बहुधा एनव्ही २६३. खाली दांडा असेल तर ती एनव्ही २६१, आणि मग मोटर वगैरे प्रश्नच नाही. तुम्ही फक्त ऑइल आणि पुढच्या अ‍ॅक्सलचा भाग वाचा. खात्री हवी असेल तर केसच्या पाठीवरचा बिल्ला ब्रशने साफ करून नंबर वाचता येतो. हे आधी ठरवायचं, कारण पुढे ऑइल कोणतं भरायचं ते यावरच अवलंबून आहे.

मग चावी फिरवा आणि दिवे नीट बघा. चावी ऑन केली की सगळी बटणं काही सेकंद उजळतात आणि नंतर ज्या स्थितीत गाडी आहे तेवढा एकच दिवा राहतो. एकही दिवा लागत नसेल तर करंट येत नाही, बटणांचा संच गेला आहे किंवा मॉड्यूल, म्हणजे बटणाचा हुकूम मोटरपर्यंत पोचवणारा इलेक्ट्रॉनिक मेंदू, झोपलं आहे; गाडीखाली शिरायची घाई नको, आधी फ्यूज बघा. बटण दाबल्यावर दिवा लुकलुकतो आणि पुन्हा जुन्याच जागी येतो, तर मॉड्यूल जिवंत आहे, त्याने प्रयत्न केला आणि त्याला हवं ते उत्तर मिळालं नाही. फोर लो, म्हणजे चारही चाकांना संथ पण जास्त जोर देणारी स्थिती, मात्र वेगळं. त्यासाठी गिअर न्यूट्रलमध्ये आणि वेग ताशी ५ किलोमीटरच्या खाली लागतो. तसं नसेल तर दिवा अर्धा मिनिट लुकलुकून हार मानतो, आणि तो बिघाड नव्हे. गाडीचं पुस्तक न वाचता गॅरेजला गेलेले लोक यासाठीही पैसे मोजून येतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

गाडीने साठवलेले बिघाडाचे कोड वाचायला स्कॅनर उसना आणा, पण कोणताही चालणार नाही. स्वस्तातले रीडर इंजिनचे 'पी'ने सुरू होणारे कोड दाखवतात. इथले कोड 'सी'ने सुरू होतात. जीएमच्या (जनरल मोटर्सच्या) चॅसीपर्यंत पोचणारा स्कॅनर हवा. आलेले सगळे कोड वहीत उतरवा, पुसा, गाडी थोडी चालवा, बटणं दाबा आणि कोणता परत येतो ते बघा. जुने, कधीकाळी बॅटरी उतरल्यामुळे साठलेले कोड यात गळून पडतात. सी०३२७ आला तर मोटरची जागा सांगणाऱ्या सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड आहे. सर्किट म्हणजे सेन्सर, त्याच्या वायरी, कनेक्टर आणि अर्थिंग, सगळं आलं. कोड कधीही 'मोटर बदला' असं म्हणत नाही. सी०३८७ म्हणजे सांगितलेला बदल पूर्ण झाला नाही. सी०३७४ वेगळ्या जातीचा आहे: पुढच्या आणि मागच्या शाफ्टचा वेग जिथे जुळायला हवा तिथे जुळत नाही. त्यात घिसलेले क्लच, चुकीचं ऑइल, अगदी वेगवेगळ्या झिजेचे टायरसुद्धा सापडतात.

आता मल्टिमीटर. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, इंजिन चालू असताना १४ च्या आसपास. या गाड्यांत बॅटरीची टर्मिनलं बाजूला असतात आणि त्यांचा गंज रबरी टोपीआड दडतो, म्हणून बोल्ट सोडून आतली शिशाची कडा उघडी करून बघा. वरून घट्ट दिसतं म्हणून सोडून देऊ नका. मोटरला झटक्यात भरपूर करंट लागतो. बॅटरी अशक्त असेल तर रेडिओ वाजतो, दिवे लागतात, पण मोटर अर्ध्यात अडकते.

अर्थिंग तपासताना लोक ओहम मोजतात, शून्य दिसतं आणि पुढे जातात. एका धाग्यावर लटकलेली वायरसुद्धा ओहममध्ये उत्तम दिसते. खरी परीक्षा करंट वाहत असताना होते. मीटर व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं मोटरच्या किंवा मॉड्यूलच्या अर्थिंगला लावा, आणि कुणाला तरी बटण दाबायला सांगा. मोटर फिरत असताना ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर तुमचा चोर सापडला. चालकाच्या दाराखाली फ्रेमवर बसवलेला अर्थिंगचा बोल्ट बर्फ वितळवायला मीठ टाकलेल्या रस्त्यांवर हमखास गंजतो. तो काढून धातू चकचकीत होईपर्यंत घासा, परत आवळा आणि वरून ग्रीस लावा. या संपूर्ण यादीतलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त फळ देणारं काम हेच, असं माझं ठाम मत आहे.

बटणांच्या संचावरही संशय घ्यावा. आत रेझिस्टरांची साखळी असते, आणि प्रत्येक बटण मॉड्यूलला वेगळा व्होल्टेज पाठवतं. वर्षानुवर्षांच्या उन्हा-थंडीने आतलं सोल्डर तडकलं की तो व्होल्टेज भलताच येतो आणि मॉड्यूल गोंधळतं. डॅशवर बोटाने टिचकी मारल्यावर दिवे लागतात-विझतात का ते बघा. तसं झालं तर संच बदला. डॅशची प्लास्टिकची पट्टी काढून घरीच होण्यासारखं काम आहे, आणि मोटरच्या तुलनेत खर्च नगण्य.

गाडीखाली जाण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये गेली तर गिअर 'पार्क'मध्ये असूनही गाडी घरंगळते, कारण चाकांचा गिअरबॉक्सशी संबंधच तुटलेला असतो. अर्धवट अडकलेली मोटर केसला नेमकं तिथेच सोडू शकते. म्हणून सपाट जागा, हँडब्रेक, आणि चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. या मॉडेलच्या हँडब्रेकवर एकट्यावर मी कधीच विसंबणार नाही. जॅकवर तोललेल्या गाडीखाली जायचं नाही, स्टँड लावायचे, आणि तेही फ्रेमचा गंजलेला भाग टाळून. बटण दाबणारा माणूस आणि खाली असणारा माणूस यांच्यात 'हात बाहेर' हा शब्द ठरवून घ्या.

खाली गेलात की मोटरचा कनेक्टर हळुवार सोडा आणि टॉर्च लावून आत बघा. रबरी सीलच्या मागे, पिनेच्या मुळाशी, हिरवी-पांढरी पूड दिसेल. ती फुंकून जात नाही. कॉन्टॅक्ट क्लीनर आणि बारीक ब्रशने काढावी लागते. बरेचदा पिन वरून पिवळी झळकते आणि तिच्यात गेलेली तांब्याची तार मात्र इन्शुलेशनच्या आत काळी पडून तुटायला आलेली असते. प्रत्येक वायर हलकेच ओढून बघा. रबरासारखी ताणली गेली तर आतली तार संपली. साफ झाल्यावर डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस लावून कनेक्टर बसवा, 'टक्' आवाज येईपर्यंत.

आता मोटर. साथीदाराने बटण दाबल्यावर घुर्र आवाज येतो का ऐका. आवाज नाही, तर त्याच क्षणी मोटरच्या जाड वायरींवर व्होल्टेज पोचतो का ते मोजा. पोचत नसेल तर दोष वर आहे, मोटरला हात लावू नका. पोचतो पण मोटर हलत नाही, तर ती उतरवा आणि केसमधून बाहेर आलेला शाफ्ट पान्याने अलगद फिरवून बघा. फिरला तर मोटर खराब. फिरला नाही तर बिघाड केसच्या आत, आणि नवी मोटरही तिथेच अडेल. उतरवण्याआधी शाफ्टची स्थिती मोबाइलवर टिपून ठेवा. नवी मोटर शाफ्टवर हाताने सहज बसली पाहिजे. बोल्ट आवळून ओढून बसवू नका. आणि मोटर फिरते, फक्त कोड सेन्सरचा येतो, असं असेल तर आपल्या मॉडेलसाठी सेन्सर सुटा मिळतो का ते आधी विचारा.

ऑइलकडे इलेक्ट्रॉनिक बिघाड शोधणाऱ्याचं लक्ष जात नाही. एनव्ही २४६ ला ऑटोट्रॅक टू हे निळं ऑइलच लागतं, साधारण २ लिटर. लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) भरलं तर आतले क्लच नीट पकडत नाहीत, आणि मग इलेक्ट्रॉनिक्सच्या नावाने बोटं मोडली जातात. एनव्ही २६१ आणि २६३ मात्र डेक्सरॉन या लाल एटीएफवरच चालतात. वरचा फिलर प्लग (ऑइल भरायचं बूच) आधी उघडा. तो सुटत नसेल तर खालचा काढायचा नाही, नाहीतर केस रिकामी आणि भरायला वाट नाही. पातळी वरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत हवी.

पातळी कमी निघाली तर गळती शोधा. या तिन्ही केसमध्ये एक नामांकित दुखणं आहे: आतला ऑइल पंप मागच्या मॅग्नेशियमच्या कवचावर घासत राहतो आणि शेवटी तिथे सुईच्या टोकाएवढं भोक पडतं. भोक वरच्या अंगाला असल्यामुळे उभ्या गाडीखाली एक थेंब दिसत नाही. ऑइल चालत्या गाडीतच उडतं आणि केसच्या पाठीवर, मागच्या शाफ्टवर, कधी कधी मागच्या हौद्याच्या तळाला चिकट धूळ जमते. ती धूळ दिसली तर पुसा, २०-२५ किलोमीटर फिरून या आणि परत बघा. भोक असेल तर बाकीची यादी बाजूला ठेवून केस उघडायची सोय करा. कोरडी चाललेली केस जळते, आणि मग दुरुस्ती उरत नाही, नवीच घ्यावी लागते.

पुढचा अ‍ॅक्सल जोडणारा अ‍ॅक्च्युएटर प्रवाशाच्या बाजूला असतो. फोर हायचा (चारही चाकं, नेहमीचा वेग) दिवा स्थिर, पुढचा शाफ्ट फिरतोय, तरी पुढची चाकं ओढत नाहीत, असं झालं तर संशयित तोच. वायर आणि कनेक्टरची वरचीच परीक्षा इथेही करा.

टायर चारही एकाच मापाचे, शक्यतो एकाच झिजेचे ठेवा, आणि हवा भरून घ्या. मॉड्यूलवर संशय अगदी शेवटी, सगळं मोजून झाल्यावर.

सह्याद्रीत जुनी सफारी किंवा स्कॉर्पिओ फिरवणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल. बटणावर किंवा नॉबवर चालणाऱ्या त्या फोर बाय फोरमध्येही मोटर, जागा सांगणारा सेन्सर आणि मॉड्यूल हीच त्रयी आहे. फक्त तिथे मिठाऐवजी चिखल आणि पावसाचं पाणी कनेक्टरमध्ये शिरतं. कोड, ऑइल आणि मोजमापं मात्र आपल्या गाडीच्या पुस्तकातूनच घ्या.

चाचणी खडीच्या किंवा मातीच्या रस्त्यावर घ्या, कोरड्या डांबरावर फोर हाय टाकू नका. सरळ रेषेत हळू चालवत टू हायवरून (फक्त मागची चाकं) फोर हायवर या, थोडं पुढे जा, परत टू हाय. मग थांबून, न्यूट्रलमध्ये टाकून फोर लो. परत येताना दिवा अडला तर ताण सुटायला काही मीटर रिव्हर्स घ्या. एवढं जमलं की पुढे वर्षभर, उन्हाळ्यातसुद्धा, महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर हीच फेरी मारा, म्हणजे मोटर आणि अ‍ॅक्च्युएटर जाम होत नाहीत.