एकाच वळणात दोन गाड्या: ऑनलाइन शर्यतीत न धडकता कसं लढावं

गेममधल्या मोटारींच्या ऑनलाइन शर्यतीत उतरणाऱ्या नवख्याला सल्ला मिळतो तो सगळा वेगाचा. ब्रेक कुठे मारायचा, टायरचं प्रेशर किती ठेवायचं, कुठल्या गाडीत सेकंदाचा दहावा हिस्सा जास्त मिळतो. शेजारी दुसरी गाडी आली तर काय करायचं, असं विचारलं की मात्र "जागा दिसली की घुसायचं, बाकी अनुभवाने येतं" एवढ्यावर बोळवण होते. तो अनुभव येईपर्यंत किती जणांच्या शर्यतीचं वाटोळं होतं, याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

ट्रॅक पाठ आहे, इंटरनेटची वायर थेट राउटरला लावली आहे, रडार (शेजारच्या गाड्या ठिपक्यांनी दाखवणारी पडद्यावरची खूण) किंवा आरसे सुरू आहेत आणि एकट्याने सलग दहा लॅप (ट्रॅकच्या फेऱ्या) गाडी न घसरवता मारता येतात, हे मी धरून चालतो. वायफायवर शर्यत खेळणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही. त्यांनी खुशाल एकट्याने खेळावं.

उदाहरणाला मोंझा घेऊ, गाड्या जीटी-थ्री, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या शर्यतीच्या गाड्या. इटलीतला हा 5.793 किलोमीटरचा ट्रॅक शर्यतीच्या बहुतेक गंभीर गेममध्ये आहे आणि त्याचं पहिलं वळण, रेतिफिलो शिकेन (एकामागोमाग दोन उलटसुलट वळणं), म्हणजे ऑनलाइन अपघातांचं माहेरघर. ताशी 250 च्या वर वेगाने यायचं, 70 च्या आसपास उतरायचं, उजवीकडे वळायचं आणि स्टिअरिंग सरळ होते न होते तोच डावीकडे. इथे जमलं तर बाकी ट्रॅकवर जमतं.

सुरुवात

पहिल्या लॅपला पहिल्या वळणासाठी नेहमीपेक्षा खूप आधी ब्रेक मारा. टायर थंड असतात, आणि पुढचा प्रत्येक जण आपल्या पुढच्याला बघून थोडा आधी ब्रेक मारतो, त्यामुळे दहाव्या-बाराव्या गाडीचा ब्रेकच्या खुणेचा बोर्ड त्या लॅपला निरुपयोगी असतो. पहिल्या वळणात कमावलेल्या दोन जागा दुसऱ्या लॅपलाही कमावता येतात.

लॅग आधी समजून घ्या

लॅग म्हणजे इंटरनेटमुळे होणारा उशीर. त्यामुळे शेजारची गाडी तुम्हाला जिथे दिसते तिथे ती नसते. ताशी 250 म्हणजे सेकंदाला जवळपास 70 मीटर. पुण्या-मुंबईहून युरोपातल्या सर्व्हरवर खेळताना पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) सहज शंभर मिलिसेकंदांच्या वर जातो, आणि तेवढ्या वेळात गाडी 7 मीटर पुढे गेलेली असते. जीटी-थ्री गाडीची लांबी साडेचार मीटरच्या आसपास. गेम ही तफावत अंदाजाने भरून काढतो: गाडी याच वेगाने याच दिशेने जात राहील असं गृहीत धरून ती पडद्यावर पुढे सरकवतो. सरळ रस्त्यावर हा अंदाज बरोबर येतो. कुणी ब्रेक मारला की चुकतो, कारण ब्रेकची बातमी उशिरा पोचते.

म्हणून सरळ रस्त्यावर बंपरला बंपर लावून जाता येतं, पण ब्रेकच्या पट्ट्यात तेच केलं तर "मी तर लागलोच नव्हतो" असं म्हणायची पाळी दोघांवरही येते आणि दोघंही आपापल्या पडद्यापुरते खरंच बोलत असतात. त्यात पुढच्याच्या मागे हवा कमी अडते, वेग वाढतो आणि तुमच्या पुढच्या चाकांवर हवेचा दाबही कमी पडतो. मागे चिकटून असाल तर आधी ब्रेक मारा, किंवा ब्रेक मारताना अर्ध्या गाडीने बाजूला व्हा म्हणजे चुकलं तरी शेजारून जाल.

दोघं वळणात: सगळी अडचण इथेच

हा टप्पा मला सगळ्यात उशिरा जमला, आणि याबद्दलचे सल्ले सगळ्यात वाईट आहेत. जागा दिसली आणि घुसला नाहीस तर तू रेसर नाहीस, अशा अर्थाचं फॉर्म्युला वन ड्रायव्हर आयर्टन सेनाचं वाक्य लोक तोंडावर फेकतात. सेना ते बोलला 1990 मध्ये, जपानमधल्या सुझुकाच्या पहिल्याच वळणात प्रतिस्पर्धी अलाँ प्रोस्टला धडकून विश्वविजेता झाल्यावर. पुढच्याच वर्षी त्याने स्वतः मान्य केलं की ती धडक मुद्दाम दिली होती. तेव्हा त्या वाक्याला शिष्टाचाराचा नियम समजणाऱ्याने आधी त्याचा संदर्भ बघावा.

जागा "दिसणं" हा प्रश्नच नाही. पुढची गाडी रेसिंग लाइनवर (वळणातून सगळ्यात वेगाने जाणाऱ्या वाटेवर) राहायला डावीकडे गेली की आत उजवीकडे जागा दिसणारच, ती प्रत्येक लॅपला दिसते. त्याने वळायला सुरुवात केली की ती बंद होते. ती बंद व्हायच्या आत तुम्ही तिथे पोचलेले आहात आणि हे त्याला माहीत आहे, या दोन्ही गोष्टी हव्यात. दुसरी लोक विसरतात. खऱ्या गाडीत ड्रायव्हर मान वळवतो, बाजूची सावली तरी बघतो. घरी एका मॉनिटरसमोर बसलेल्याला खिडकीबाहेरचं काहीच दिसत नाही. त्याचा भरवसा रडारवरच्या ठिपक्यावर, किंवा "आत गाडी आहे" असं सांगणाऱ्या स्पॉटरच्या आवाजावर, आणि ते दोन्ही थोडे उशिरा येतात.

मी पाळतो तो हिशेब असा. ब्रेक मारायच्या क्षणी माझं नाक निदान त्याच्या मागच्या चाकाशी हवं. तो वळायला लागेल तेव्हा माझं पुढचं चाक त्याच्या आरशापाशी हवं. पहिलं नसेल तर प्रयत्नच करायचा नाही, मागेच राहायचं. पहिलं आहे पण दुसरं होत नाही असं दिसलं, तर सोडून द्यायचं. एफआयएने (मोटार शर्यतींची जागतिक संस्था) फॉर्म्युला वनच्या पंचांसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही आतून ओव्हरटेक करणाऱ्याचं पुढचं चाक अपेक्सच्या (वळणाच्या सगळ्यात आतल्या बिंदूच्या) आधी आणि अपेक्सवर दुसऱ्याच्या आरशापर्यंत पोचलेलं असावं, असंच आहे. मी ते अपेक्सवरून वळायच्या क्षणावर आणतो, कारण लॅगमुळे अपेक्सवरचं गणित कुणालाच नक्की कळत नाही.

सोडून कसं द्यायचं, हे कुणी शिकवत नाही, आणि निम्मे डाइव्हबॉम्ब (उशिरा ब्रेक मारून आत घुसण्याचे फसलेले प्रयत्न) तिथेच जन्मतात. माणसाला चूक कळलेली असते, पण त्या क्षणी तो स्टिअरिंग वळवून ठेवून ब्रेक आणखी दाबतो. वळलेल्या चाकांवर ब्रेकचा जोर आला की पुढची पकड जाते आणि गाडी सरळ शेजाऱ्याच्या दारात. स्टिअरिंग आधी सरळ करा, मग ब्रेक. तरीही थांबत नसेल तर रेतिफिलोत समोर सरळ निघायला रस्ता आहे, तिकडे जा. वेळ जाईल, जागा जाईल, पेनल्टी लागेल. तुमची जाईल. त्याची का घालवायची? हे सरळ करणं एकट्याने सरावात मुद्दाम करून बघा: उशिरा ब्रेक मारायचा आणि वळायचं नाही असं ठरवून बाहेर जायचं. शर्यतीत पाय ऐन वेळी नवं काही शिकत नाहीत.

आता समजा तुम्ही वेळेत पोचलात आणि आतली जागा तुमची झाली. काम अर्धंच झालं. पहिलं वळण उजवीकडे असल्याने आत तुम्ही आहात, पण पुढचं डावीकडे आहे आणि तिथे आतली बाजू त्याची. पूर्ण पुढे निघाला नसाल तर डावीकडे एका गाडीची जागा सोडावीच लागेल. टक्कर होते ती बहुतेक दुसऱ्या वळणात, आणि "मी तर ओव्हरटेक केला होता" हे वाक्य तिथलंच. ओव्हरटेक तुमचा मागचा बंपर त्याच्या पुढच्या बंपरच्या पुढे गेल्यावर होतो.

तुम्ही बाहेरच्या बाजूला असाल आणि तो आरशापर्यंत आला असेल, तर नेहमीच्या अपेक्सकडे वळू नका. एक गाडी आणि वर अर्धी, एवढी जागा सोडा. अर्धी लॅगची. नवखे इथे हरल्यासारखे घाबरतात आणि दार लावून घेतात. शांत राहिलात तर दुसऱ्या वळणात आतली बाजू तुमचीच येणार आहे. डावं वळण संपताना गाडी आपसूक उजवीकडे फेकली जाते, तिथे उजवीकडच्याला जागा सोडायची, आणि मग कुर्वा ग्रांदेत, म्हणजे पुढच्या लांब उजव्या वळणात, ज्याचं बाहेर पडणं चांगलं तो पुढे. मोंझावर दोन गाड्या चार-चार वळणं शेजारी-शेजारी जाताना मी पाहिल्या आहेत आणि त्या शर्यतीत कोण कितवा आला हे कुणाला आठवत नाही.

टीव्हीवर बघून काही जण म्हणतात, अपेक्सला पुढे असलेल्याने शेजाऱ्याला बाहेर ढकललं तर चालतं. तिथे पंच बसलेले असतात, लॅग नसतो आणि समोरचा व्यावसायिक असतो. तुमच्या रविवारच्या शर्यतीत शेजारी कुणी असेल तर जागा सोडा, एवढंच.

बचाव

मागच्याला अडवताना एकदाच बाजू बदलायची. एफआयएच्या आचारसंहितेत जागा राखण्यासाठी दिशा एकाहून जास्त वेळा बदलायला मनाई आहे, आणि बचाव करून पुन्हा रेसिंग लाइनकडे येताना ट्रॅकच्या कडेला एका गाडीची जागा ठेवायची असते. ब्रेक मारता मारता सरकणं तर अजिबात नको. 2016 मध्ये फॉर्म्युला वनच्या मॅक्स व्हर्स्टापेनच्या तसल्या बचावावरून इतर ड्रायव्हर इतके वैतागले की एफआयएला त्यावर वेगळी सूचना काढावी लागली. पिंग शंभरच्या वर असताना ब्रेकखाली सरकणं म्हणजे मागच्याला अपघात हातात देणं.

निळा झेंडा

लॅप मागे असाल आणि पुढचा तुम्हाला मागून गाठत असेल तर निळा झेंडा दिसतो. त्याबद्दल गेमचा नियम वाचा, कारण सगळीकडे सारखा नाही. आयरेसिंग या गेममध्ये निळा झेंडा ही फक्त सूचना आहे; तुम्ही आपल्या लाइनवर अंदाज येईल असं चालवायचं आणि सुरक्षित ओव्हरटेक करणं मागून येणाऱ्याचं काम. मदत करायचीच असेल तर सरळ रस्त्यावर अॅक्सिलरेटर थोडा सोडा. वळणात अचानक बाजूला उडी मारणारा सभ्य माणूस सगळ्यात धोकादायक.

खऱ्या शर्यतीतही हा प्रकार सोपा नाही. 2012 च्या मलेशियन ग्रांप्रीत भारताचा नरेन कार्तिकेयन एक लॅप मागे होता, सेबास्टियन फेटेल त्याला ओलांडत असताना दोघांची चाकं लागली, फेटेलचा टायर फुटला आणि कार्तिकेयनला 20 सेकंदांची पेनल्टी बसली. चूक नक्की कुणाची यावर आपल्याकडचे लोक अजून भांडतात. मी भांडत नाही, पण फेटेलला तेवढ्या जवळून जायची गरज नव्हती.

जाता जाता: मागून हेडलाइट मारणं म्हणजे "सरक बाजूला" ही आपल्या हायवेची भाषा. ट्रॅकवर त्याचा अर्थ "मी इथे आहे" एवढाच. त्याने रस्ता आपल्या मालकीचा होत नाही.

घसरल्यावर

ब्रेक दाबून धरा, म्हणजे गाडी जिथे आहे तिथेच थांबेल आणि इतरांना चुकवता येईल. सगळे गेले की मगच परत या, तेही रेसिंग लाइन सोडून.

लागलंच तर

तुमच्यामुळे कुणी मागे पडला तर त्याला पुढे जाऊ द्या. ट्रॅकच्या मधोमध थांबून नव्हे. पुढच्या सरळ रस्त्यावर कडेला होऊन. चॅटमध्ये एक "सॉरी" पुरे. त्याने तुम्हाला पाडलं असेल तर माइक बंद. बदला घ्यायचा विचार आला तर 2020 च्या लॉकडाऊनमधली इंडियानापोलिसची आभासी इंडीकार शर्यत आठवा: इंडी 500 ही अमेरिकेतली मोठी शर्यत जिंकलेल्या सिमों पाजनोने शेवटच्या लॅप्समध्ये फॉर्म्युला वन ड्रायव्हर लँडो नॉरिसच्या पुढे मुद्दाम वेग कमी केला आणि त्याला शर्यतीतून घालवलं. पाजनोचं बोलणं थेट प्रक्षेपणात रेकॉर्ड झालं होतं.

रेटिंगवरून (गेम तुमच्या चालवण्याला देतो त्या गुणांवरून) रडू नका. 2008 पासून चालणारं आयरेसिंग जोरदार धडकेत दोघांच्याही नावावर 4 इन्सिडंट पॉइंट (चुकांचे गुण) लावतं, चूक कुणाची ते बघत नाही. लोकांना हा अन्याय वाटतो. माझ्या मते ही सगळ्यात शहाणी पद्धत आहे, कारण त्यामुळे माणूस "हक्क माझा होता" हे सोडून "मी टाळू शकलो असतो का" हे बघायला लागतो. ग्रान तुरिस्मो स्पोर्ट या गेमने 2017 मध्ये ऑनलाइन शर्यतीच्या आधी खिलाडूवृत्तीचे दोन व्हिडिओ बघणं सक्तीचं केलं. बहुतेकांनी ते बटण दाबत दाबत संपवले असणार, पण कल्पना चांगली होती.

तक्रार करायचीच असेल तर त्याच रात्री करू नका. दुसऱ्या दिवशी रीप्ले उघडा आणि आधी समोरच्याच्या कॉकपिटमधून बघा, मग वरून, मग आपल्या गाडीतून. त्याच्या कॉकपिटमधून तुम्ही कुठे दिसतच नसाल तर तक्रार बंद करा. दिसत असाल तर लॅप, वळण आणि वेळ एवढं लिहा, तीस सेकंदांची क्लिप जोडा. विशेषणं लिहू नका. पंच ती वाचत नाहीत.