बेने इस्राएल मुलांच्या गोष्टी आणि कविता कशा लिहाव्यात

कोकणातल्या ज्यू मुलांविषयी मराठीत लिहायला बसणाऱ्याने आधी एक निर्णय घ्यावा: आपल्या पुस्तकातल्या मुलाने स्वतःचे ज्यूपण कोणालाही सिद्ध करून दाखवायचे नाही. हा निर्णय सोपा वाटतो, परंतु तो पाळणे कठीण असते, कारण बेने इस्राएल या कोकणातल्या ज्यू समाजाच्या इतिहासात परीक्षा घेणारे पुन्हा पुन्हा भेटतात. दावीद रहाबी हे बाहेरून आलेले ज्यू धर्मशिक्षक कोकणात आले तेव्हा त्यांनी बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले आणि बायकांनी ज्यू धर्माला चालणारे, म्हणजे पर व खवले असलेले, मासे तेवढे वेगळे काढले, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. पुढे मुंबईत स्थायिक झालेल्या बगदादी ज्यूंपैकी अनेकांनी या समाजाच्या शुद्धतेविषयी शंका घेतली. इस्राएलला गेल्यानंतरही तेथील धर्माधिकाऱ्यांनी विवाहाच्या वेळी त्यांच्या वंशाची चौकशी करण्याचे ठरवले, आणि 1964 मध्ये मोठे आंदोलन झाल्यावरच तो निर्बंध मागे घेण्यात आला.

माशांची कथा चित्रपुस्तकासाठी आयतीच आहे: टोपली, मासे, बायकांचे हात आणि परदेशी पाहुणा. मात्र ती जशीच्या तशी सांगितली तर बायका परीक्षेत उत्तीर्ण झाल्याचा आनंद तेवढा शिल्लक राहतो. तीच कथा एखाद्या बाईच्या बाजूने लिहून पाहावी. नेहमीच्या सवयीने तिने सुरमई निवडली आणि कोळंबी बाजूला सारली. पाहुणा मान का डोलावतो आहे हे तिला कळत नाही आणि तिला चूल पेटवायची घाई आहे. एवढ्या बदलाने परीक्षा पाहणारा माणूस वाचकाच्या नजरेत येतो, आणि आपल्याकडे असे का पाहिले जाते हा प्रश्न मूल आपणहून विचारते.

तपशिलांची वाण नाही. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्याची कथा, शब्बाथ म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस म्हणून शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवल्यामुळे पडलेले शनिवार तेली हे नाव, किहीम, रोहे, पेण, चेऊल, झिराड या गावांवरून आलेली किहीमकर, रोहेकर, पेणकर, चेऊलकर, झिराडकर ही आडनावे, एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने पोहे, खोबरे आणि फळे घालून केलेला मलिदा, हे सारे प्रसिद्ध आहे. नवशिक्या लेखकाचा मोह असा की हे सगळे पहिल्या तीन पानांत भरावे, आणि मग गोष्ट शाळेच्या निबंधासारखी होते. एका पुस्तकात एकच सण घ्यावा आणि त्याला घरातलेच नाव द्यावे. नवीन वर्षाचा तो नव्याचा सण आणि प्रायश्चित्ताच्या उपासाचा दिवस तो दारफाळणीचा सण. खिरीचा सण आणि बिरड्याचा रोजा ही नावे तर कोणत्याही मराठी मुलाला कानावर पडताच जवळची वाटतात. पहिल्या वापरात अर्थ समजावून सांगू नये. प्रसंगातून तो कळू द्यावा.

बिरड्याचा रोजा हा जेरुसलेमचे देऊळ पडल्याच्या शोकाचा उपास आहे. त्यावरची एक छोटी अष्टाक्षरी पाहा:

वाल सोलता सोलता
आजी थांबते मधेच;
दूर पडले देऊळ,
ताटी सालं ती तशीच.

येथे उपासाचे कारण सांगितलेले नाही आणि आजी दुःखी आहे असेही म्हटलेले नाही. मोड आलेले वाल सोलणारे हात थांबले, एवढेच दिसते. बालकवितेत ओळख अशीच हातांच्या कामातून यावी. ‘मी ज्यू, मी मराठी, मला अभिमान’ अशा ओळी स्नेहसंमेलनात चालतात, पुस्तकात त्या कोणी दुसऱ्यांदा वाचत नाही. छंदाविषयी संकोच बाळगण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईतल्या बेने इस्राएल मंडळींनी बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तने रचली आणि गायली, त्यामुळे ओवी, साकी, दिंडी या घाटांवर या समाजाचा हक्क जुनाच आहे.

रंगाचा प्रश्न मात्र सावकाश हाताळावा लागतो. मराठी घरांत गोरा, सावळा, गव्हाळ हे शब्द सहज वापरले जातात आणि मुलांना त्यातली उतरंड फार लवकर कळते. या समाजात तर ‘गोरा इस्राएल’ आणि ‘काळा इस्राएल’ असे दोन गट मानले जात; ज्यांच्या पूर्वजांत ज्यूंबाहेरची स्त्री आली असे समजले जाई त्यांना दुसऱ्या गटात टाकून त्यांच्याशी सोयरीक टाळली जाई. तो भेद आता मागे पडला असला तरी पुस्तकात त्याचा उल्लेखच टाळणे मला अप्रामाणिक वाटते. कोचीतही परदेशी ज्यूंच्या 1568 सालच्या सिनेगॉगमध्ये म्हणजे प्रार्थनामंदिरात सर्वांना सारखा मान नव्हता, आणि वकील असलेल्या अब्राहम बराक सालेम यांनी तेथे सत्याग्रहाच्या मार्गाने विरोध केला. दहा-बारा वर्षांच्या वाचकाला ही हकिकत पूर्ण समजते. त्याहून लहान मुलांसाठी अन्यायाचे एकच दृश्य पुरते: एका मुलीला आत बसायला जागा आहे, दुसरीला नाही, आणि दोघी एकमेकींकडे पाहत आहेत.

कातडीचे वर्णन करताना चॉकलेट, कॉफी, गूळ असले पदार्थ आणू नयेत. खाण्याच्या वस्तूशी आपली तुलना झालेली मुलांना फारशी आवडत नाही. रंग जेथे कथानकात काही करतो तेथेच सांगावा. इस्राएलमध्ये गेलेल्या मुलाला वर्गात कोणी ‘तू खरा ज्यू दिसत नाहीस’ असे म्हटले, तर त्या क्षणी रंग आलाच पाहिजे आणि स्पष्ट आला पाहिजे. आजीने केस विंचरताना तो येण्याचे कारण नाही.

चित्रकाराशी याविषयी आधीच बोलून घ्यावे, कारण ज्यू म्हटले की काळा कोट, उंच टोपी आणि फिकट चेहरा हीच प्रतिमा हाताला लागते. 1874 साली पुण्यात छापलेल्या मराठी हग्गादात, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायच्या पुस्तकात, बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका साड्या नेसलेल्या दाखवल्या आहेत. ते चित्र चित्रकारापुढे ठेवले की बरेच वाद मिटतात. शब्बाथच्या चित्रात द्राक्षांच्या वारुणीऐवजी मनुकांचे सरबत असू द्यावे, कारण अनेक घरांत आशीर्वाद त्यावरच म्हटला जातो.

हस्तलिखित पूर्ण झाल्यावर ते समाजातल्या किमान दोन पिढ्यांना वाचून दाखवावे, आणि लेखक स्वतः त्या समाजातला असला तरी हे टाळू नये. सणाच्या किंवा स्वयंपाकाच्या तपशिलात ते म्हणतील ते बहुधा निमूट मान्य करावे. गोरा-काळा भेदाचे पान काढून टाका असे एखादे आजोबा सांगतील, तेव्हा लगेच होकारही देऊ नये आणि वादही घालू नये. ते पान नकोसे का वाटते हे त्यांना सविस्तर विचारावे. समाजाची बदनामी होईल ही भीती असेल तर प्रसंग अधिक नेमका लिहिता येतो आणि कोणत्याही खऱ्या घराण्याचे आडनाव त्यात येणार नाही याची काळजी घेता येते. त्या पानातले मूल आपल्या घरातलेच होते असे उत्तर आले, तर त्यांची परवानगी मिळेपर्यंत छपाई थांबवावी.