खाण्याचं गणित बिघडलंय का? ओळखायचं कसं आणि मदत मागायची कुणाकडे

सगळ्यात आधी वजनाचा काटा बाजूला ठेवा. खाण्याचा आजार म्हटलं की डोळ्यासमोर हाडं दिसणारी एखादी तरुण मुलगीच येते आणि घोळ तिथेच होतो. बुलिमिया (अधाशासारखं खाऊन मग उलटी, उपास वगैरे करून ते भरून काढणं) असलेल्यांचं वजन बरेचदा अगदी नॉर्मल असतं, बिंज ईटिंगमध्ये (ताबा सुटून एका वेळी खूप खाणं) जास्तही असू शकतं, आणि अंगाने जाडजूड दिसणारा माणूस जेवण तोडून तोडून आतून पार खंगलेला असू शकतो. पुरुषांना होतो, पन्नाशीतल्या लोकांनाही होतो. त्यामुळे "एवढी काय बारीक नाहीये ती" हा निकष कामाचा नाही.

मग बघायचं काय? तर खाण्याचा विचार दिवसातला किती वेळ खातोय ते. साधं डाएट करणारा माणूस एखाद्या दिवशी जास्त खातो, जरा हळहळतो आणि विसरतो. इथे तसं होत नाही, नियम मोडला की घाबरगुंडी उडते, स्वतःची किळस येते, मग शिक्षा म्हणून दुसऱ्या दिवशी उपाशी राहणं किंवा अंगात ताप असताना, पाय मुरगळलेला असतानाही व्यायाम करणं. "हे चालतं, हे चालत नाही" ची यादी दर महिन्याला लहान होत जाते, आणि बाहेरून ते हेल्दी राहण्याचं वेड वाटतं म्हणून उलट कौतुकच होतं.

घरात दिसणाऱ्या गोष्टी सांगायच्या तर, "मी बाहेरच खाऊन आलो" हे वाक्य फार वेळा ऐकू येणं, दुसऱ्यांसाठी हौसेने रांधणं पण स्वतः ताटाला हात न लावणं, घासाचे बारीक बारीक तुकडे करत बसणं, जेवण झालं की लगेच बाथरूम आणि नळ चालू, कपाटात लपवलेली रिकामी पाकिटं, रात्रीतून फ्रीजमधलं गायब होणं, दिवसातून कितीतरी वेळा वजन करणं, मित्रांबरोबर खायचं असलं की काहीतरी कारण निघणं. शरीरही बोलतं: सारखी थंडी वाजणं, उठल्यावर चक्कर, केस गळणं, पाळी बंद होणं, बद्धकोष्ठता, अंगावर बारीक मऊ लव येणं, वारंवार उलट्या होत असतील तर जबड्याजवळ गाल सुजणं आणि दातांचं एनॅमल झिजणं. यातली एखादी गोष्ट दिसली म्हणून लगेच शिक्का मारू नका, पाळी चुकायला शंभर कारणं असतात, पण चार-पाच गोष्टी एकत्र आणि काही आठवडे दिसत असतील तर दुर्लक्ष करू नका.

एक प्रकार मात्र यात बसत नाही, त्याला अर्फिड म्हणतात. तिथे वजनाची काही पडलेली नसते, पदार्थाचा वास, स्पर्श सहन होत नाही किंवा घशात अडकेल अशी भीती असते. 2013 साली डीएसएम-5 मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानासाठी डॉक्टर वापरतात त्या अमेरिकन पुस्तकात, या नावाने तो आला, आणि बिंज ईटिंगलाही स्वतंत्र आजार म्हणून जागा तेव्हाच मिळाली. म्हणजे "मला नुसता कंट्रोल नाहीये" असं स्वतःला बोलणाऱ्या कितीतरी जणांना खरं तर उपचार लागतो, बोलणी नाही.

कंट्रोलवरून आठवलं, 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना काही महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला होता. तब्येतीने, मनाने धडधाकट माणसं ती, तरी दिवसभर खाण्याचंच बोलायला लागली, पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची, चिडचिडी, उदास झाली, आणि नंतर पोटभर मिळायला लागल्यावर काहींचं खाणं थांबेचना. म्हणजे डोक्यात सतत अन्न घोळणं, मग अधाशासारखं खाणं, यातलं बरंचसं उपासमारीनेच होतं. जितकं कडक बंधन तितका पुढचा झटका मोठा, म्हणून "उद्यापासून अजून कडक राहायचं" हा उपाय उलटतो.

स्वतःला तपासायचं असेल तर स्कॉफ नावाचे पाच प्रश्न आहेत, 1999 मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी काढलेले. पोट फार भरल्यासारखं वाटलं की मुद्दाम उलटी काढता का? किती खातोय यावरचा ताबा सुटल्याची काळजी वाटते का? गेल्या तीन महिन्यांत सहा किलोहून जास्त वजन उतरलंय का? लोक बारीक म्हणतात तरी स्वतःला जाड वाटतं का? अन्नाने आपल्या आयुष्याचा कब्जा घेतलाय असं म्हणाल का? दोन किंवा जास्त 'हो' आले तर डॉक्टरकडे जा. हे निदान नव्हे, आणि 'हो' एकच आला पण आतून बरं वाटत नाहीये तरी जायला हरकत नाही.

आता दुसऱ्या कुणाशी बोलायचं असेल तर ताटावर बसल्यावर अजिबात बोलू नका, चारचौघात तर नाहीच. दोघंच असताना जे दिसलं तेवढंच सांगा: "हल्ली तू आमच्याबरोबर जेवत नाहीस, उठताना चक्कर येते तुला, मला काळजी वाटतेय, डॉक्टरकडे मी येऊ का सोबत?" बास. "दोन घास खाल्ले की झालं" किंवा "बघ किती वाळलीस" नको, आणि सुधारायला लागल्यावर "आता तब्येत भरली" हे तर मुळीच नको, समोरच्याला ते "जाड झालीस" असंच ऐकू जातं. पहिल्यांदा चिडणार, नाही म्हणणार, हे धरूनच चाला. वाद न घालता थोड्या दिवसांनी परत विषय काढा.

डॉक्टरकडे जाताना लिहून न्या, कारण समोर बसल्यावर तोंडातून निघतं फक्त "थकवा येतो". किती दिवसांपासून, जेवण टाळणं किती वेळा, उलट्या, जुलाबाची औषधं, पाळी, चक्कर, सगळं लिहा. नाडी, झोपून आणि उभं राहून बीपी, ईसीजी, रक्तातलं पोटॅशियम वगैरे बघतात. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे आजार नाही असं नसतं, आणि "वजन ठीक आहे, नीट खात जा" एवढ्यावर बोळवण झाली तर सरळ दुसरे डॉक्टर गाठा. पुढे मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ दोघं लागतात, त्यांना आधीच विचारा की खाण्याच्या आजाराचे पेशंट बघितलेत का. सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारे उपचार) ही थेरपी बुलिमिया आणि बिंजमध्ये चांगली चालते, लहान मुलांमध्ये आणि टीनएजर्समध्ये आईवडिलांनी सुरुवातीला जेवणाची सूत्रं हातात घ्यायची अशी फॅमिली थेरपी असते. महिनोन्‌महिने लागतात.

थांबायचंच नाही अशा वेळाही आहेत: बेशुद्ध पडणं, छातीत दुखणं किंवा धडधड, उलटीत रक्त, पाणीही पोटात न टिकणं, डायबेटिस असून इन्सुलिन टाळणं, जीव नकोसा झाल्याचं बोलणं. सरळ हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या. आणि बरेच दिवस जवळपास काहीच न खाल्लेल्या माणसाला घरी एकदम भरपूर खाऊ घालू नका, रक्तातलं फॉस्फेट धोकादायक खाली जाऊ शकतं, ती सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायची.

पेशंट लहान असेल तर तो तयार होईपर्यंत वाट बघू नका, घेऊन जा. मोठा माणूस येतच नसेल तर तुम्ही एकटे जाऊन डॉक्टरांचा सल्ला घ्या, घरात जेवणाच्या वेळी कसं वागायचं, केव्हा धावपळ करायची एवढं तरी विचारून येता येतं.