पहिलं हाय-पॉवर रॉकेट: मोटरपेक्षा पॅराशूटला जास्त वेळ द्या

मोटरचा एकूण आवेग (सरासरी धक्का गुणिले जळण्याचा वेळ) १६० न्यूटन-सेकंदांच्या वर गेला की रॉकेट हाय-पॉवर गटात मोडतं. तिथून एच क्लास सुरू होतो. तो ३२० पर्यंत, पुढचा आय क्लास ६४० पर्यंत. दर अक्षराला मर्यादा दुप्पट होते. या मोटरी कोणालाही सहज विकत मिळत नाहीत. अमेरिकेतल्या एनएआर (नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री) आणि ट्रिपोली या हौशी रॉकेट संघटनांमध्ये पहिल्या पातळीचं प्रमाणपत्र हवं असेल, तर स्वतः बांधलेलं रॉकेट एच किंवा आय मोटरवर उडवून धडधाकट खाली आणावं लागतं. उंचीला तिथे गुण नाहीत. म्हणून पहिलं रॉकेट जाड, साधं आणि बेताचं उडणारं असावं. इलेक्ट्रॉनिक्स, दोन टप्पे, दोन पॅराशूट हे सगळं नंतर. मोटर मात्र नेहमी प्रमाणित कारखान्याचीच घ्या, घरी बनवायच्या भानगडीत अजिबात पडू नका. जिथे उडवणार तिथले स्फोटकांचे आणि हवाई क्षेत्राचे नियम सामान घेण्याआधीच पाहा.

सोयीचं माप म्हणजे १०० मिमी व्यासाची जाड पुठ्ठ्याची नळी, लांबी सुमारे दीड मीटर, आत ३८ मिमीची मोटर ट्यूब. ॲडॅप्टर लावला की त्यात २९ मिमीची मोटरही बसते. फिन, म्हणजे मागचे पंख, तीन पुरेत, ५ ते ६ मिमी बर्च प्लायवुडच्या. मोटर ट्यूब नळीच्या मधोमध धरणाऱ्या सेंटरिंग रिंगही तेवढ्याच जाडीच्या. याशिवाय टोकाला प्लॅस्टिकचा नोज कोन, मोटर जागेवर धरणारा स्क्रूचा मोटर रिटेनर, फोर्ज केलेला आय-बोल्ट (कडीचा बोल्ट), लाँच पॅडच्या उभ्या रेलमध्ये सरकणारी दोन रेल बटणं आणि ३० मिनिटांत घट्ट होणारं इपॉक्सी. पाच मिनिटांचं इपॉक्सी मोटर माउंटसाठी, म्हणजे मोटर ट्यूब आणि तिच्यावरच्या रिंगांसाठी, वापरू नका. माउंट नळीत अर्ध्यावर असतानाच ते धरतं आणि मग ते ना पुढे सरकतं, ना मागे.

फिन नळीच्या नुसत्या पृष्ठभागावर चिकटवायच्या नाहीत. नळीला खाचा पाडून फिनची जीभ थेट मोटर ट्यूबपर्यंत न्यायची. सगळं आधी कोरडं जुळवून पाहा. नळीवरचा चकचकीत थर, मोटर ट्यूब आणि फिनच्या कडा १०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, कारण गुळगुळीत थरावरचं इपॉक्सी पापुद्र्यासारखं सुटतं. आय-बोल्ट पुढच्या रिंगमध्ये बसवून, नटवर इपॉक्सी घालून, शॉक कॉर्डही (नळी, नोज कोन आणि पॅराशूट जोडून ठेवणारी दोरी) आत्ताच अडकवून टाका. माउंट आत गेल्यावर तिथे हात पोचत नाही. इपॉक्सी रिंगच्या कडेला फासलं तर आत सरकवताना सगळं मागे खरवडलं जातं. ते नळीच्या आत, रिंग जिथे थांबणार त्याच्या जरा अलीकडे गोल फिरवून लावा. रिंग सरकताना ते पुढे ढकलत नेते आणि सांध्याभोवती आपोआप फिलेट, म्हणजे कोपरा भरणारी इपॉक्सीची गोलसर पट्टी, तयार होतं.

मागची रिंग मात्र लगेच चिकटवू नका. ती कोरडी बसवून माउंट सरळ करा, फिन चिकटवा, मग रिंग काढून मागच्या उघड्या तोंडातून फिनच्या दोन्ही बाजूंना आतले फिलेट द्या. ताकद मुख्यतः याच सांध्यांत असते. ते वाळल्यावर रिंग कायमची. बाहेरच्या फिलेटची त्रिज्या ८ ते १० मिमी ठेवली की पुरे. प्रत्येक फिलेट आडवा धरूनच भरा, नाहीतर इपॉक्सी ओघळतं. मोटर ट्यूबच्या तोंडाला मास्किंग टेप लावायला विसरू नका. आत सांडलेला एक थेंब वाळला तरी मोटर बसत नाही.

रेल बटणं दोन फिनच्या मधल्या रेषेवर येतात, एक मागच्या रिंगमध्ये, दुसरं गुरुत्वमध्याच्या आसपास. रेषा मारायला नळीला लोखंडी अँगल टेकवा. बटणं तिरकी बसली तर रॉकेट रेलमध्ये अडकतं.

आता हिशोब. ओपनरॉकेट हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, पण त्यात शेवटी प्रत्यक्ष मोजलेलं वजन आणि गुरुत्वमध्य भरा, इपॉक्सी आणि रंग धरून. गुरुत्वमध्य मोटर आणि पॅराशूट भरलेलं असताना, रॉकेट दोरीवर तोलून काढा. तो दाबमध्याच्या (हवेचा दाब जिथे एकवटतो तो बिंदू, सॉफ्टवेअर दाखवतं) पुढे एक ते दोन व्यास, म्हणजे इथे १०० ते २०० मिमी हवा. त्याहून कमी असेल तर रॉकेट भरकटतं, फार जास्त असेल तर वारा जिकडून येतो तिकडे नाक वळवतं. कमी पडल्यास नोज कोनमध्ये वजन घाला.

एच१२८-१० अशा मोटरवर १२८ म्हणजे सरासरी धक्का न्यूटनमध्ये आणि १० म्हणजे डिले: इंधन जळाल्यानंतर इजेक्शनपर्यंतचे, म्हणजे मोटरमधला छोटा स्फोट नोज कोन आणि पॅराशूट बाहेर ढकलेपर्यंतचे सेकंद. धक्का वजनाच्या किमान पाचपट असावा. भरलेलं रॉकेट २ किलोचं असेल तर ते प्रमाण साधारण साडेसहा पट येतं, आणि रेलवरचं १.८ मीटर अंतर कापेपर्यंत वेग सेकंदाला सुमारे १४ मीटर होतो. त्याहून फार हळू रेल सुटली तर फिनना पकड मिळत नाही.

पहिली उड्डाणं फसतात ती बहुतेक पॅराशूटच्या चुकांनी. उतरण्याचा वेग सेकंदाला ५ ते ६ मीटर धरा; १.८ किलोला १.२ मीटर व्यासाचं रिपस्टॉप नायलॉनचं पॅराशूट चालतं. शॉक कॉर्ड ५ ते ६ मीटर ठेवा आणि मोटरकडचा भाग उष्णता सोसणाऱ्या केव्हलारचा, कारण नायलॉन गरम वायूने वितळतं. आखूड दोरी झटक्यात ताणली जाते आणि पुठ्ठ्याची नळी वरून खाली फाडत जाते. डिले चुकला तरी हेच होतं. सिम्युलेशनमधल्या शिखरबिंदूच्या वेळेतून मोटर जळण्याचा वेळ वजा करा आणि डिले त्याच्या शक्य तितक्या जवळचा घ्या.

नळीत आधी दोरी ढिल्या घड्या करून, वर ४५ सेमी चौकोनी नोमेक्सचं (न जळणारं) कापड आणि त्यात गुंडाळलेलं पॅराशूट. पॅराशूटवर थोडी टाल्कम पावडर शिंपडा आणि दोऱ्या गच्च गुंडाळू नका. सगळा गठ्ठा बोटाने ढकलून सहज सरकला पाहिजे. कोंबावा लागला तर घडी पुन्हा घाला. नोज कोनची पकड अशी तपासा: कोनला धरून रॉकेट उचला, ते सुटता कामा नये, पण हलकं हिसडल्यावर सुटलं पाहिजे. कमीजास्त असल्यास कोनच्या खांद्यावर (नळीत बसणाऱ्या भागावर) मास्किंग टेप चढवा किंवा काढा. कोनच्या खांद्याखाली नळीला ३ मिमीचं एक भोकही पाडा. वर जाताना बाहेरचा दाब घटतो आणि आत कोंडलेली हवा कोन अवेळी उडवते.

इग्नायटर (मोटर पेटवणारी विजेची वायर) लाँच पॅडवर रॉकेट उभं केल्यावरच घालायचा, टोक मोटरच्या आतल्या वरच्या टोकाला टेकेपर्यंत. अर्धवट घातलेला इग्नायटर मोटर पेटवतच नाही. वायरचे क्लिप जोडण्याआधी त्यांत वीज नाही याची खात्री करा. माणसं किमान ३० मीटर लांब; वारा ताशी ३२ किमीच्या वर गेला तर उड्डाण रद्द. बटण दाबूनही पेटलं नाही तर लाँचरची सुरक्षा किल्ली काढा आणि पूर्ण ६० सेकंद कोणालाही पॅडकडे जाऊ देऊ नका.

उतरल्यावर मोटरचं केसिंग तापलेलं असतं, तेव्हा आधी दोरी आणि पॅराशूट पाहा. केव्हलार काळवंडून खरखरीत झालं असेल तर पुढच्या उड्डाणाआधी ते बदला. रॉकेट विजेच्या तारांवर अडकलं तर ते काढायला कोणी जायचं नाही.